विंचवाचं बिऱ्हाड आपल्याच भिंतीला

उन्हाळा लागला की या पानाच्या टपालात तीनच विषय येतात, उकाडा, लाइट जाणं आणि विंचू. यंदा तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीपासूनच सुरू झालं. मोबाइलवर फोटो येतायत, एकाने पाठवलेल्या फोटोत चपलेखाली चेंदामेंदा झालेलं काहीतरी आहे आणि खाली प्रश्न, "सर हा विषारी आहे का?" अरे बाबा, आता तो कोणताच नाहीये. तर या वेळचं सगळं पान विंचू आणि कोळी यांनाच देऊन टाकलंय. आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवलं, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरात वाढलो आणि आयुष्यात दोनदा नांगी खाल्लीये, एवढंच माझं सर्टिफिकेट. औषधपाण्याचं जे लिहितोय ते दवाखान्यात पोचेपर्यंतचं, पुढचं डॉक्टरचं काम.

प्रश्न : आमचं सासरचं घर शिंदखेड्याकडे, जुनं धाब्याचं, जाड मातीच्या भिंती. मी नाशिकची, लग्नाआधी विंचू फक्त पुस्तकात पाहिलेला. इथे एप्रिल ते जून घरात आठ-दहा तरी निघतात, एकदा तर वरून टपकन ताटाशेजारी पडला. सासूबाई म्हणतात "आम्ही चार पोरं याच घरात वाढवली, काही झालं नाही." पण माझा मुलगा दोन वर्षांचा आहे आणि दिवसभर खालीच लोळतो. मी रात्री झोपत नाही हो. काय करू? — एक सूनबाई

ताई, तुमची भीती खोटी नाही आणि सासूबाईंचं म्हणणंही खोटं नाही, त्यांचं नशीब चांगलं होतं एवढंच. दोन वर्षांचं पोर आणि लाल विंचू ही जोडी वाईट, कारण विंचवाच्या नांगीत विष तेवढंच असतं पण ते पसरतं दहा-बारा किलोच्या अंगात.

आता मला सांगा, पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची रास कुठे रचलीये? तुम्ही पत्रात लिहिलं नाही पण मी पैज लावतो, घराच्या मागच्या भिंतीला टेकून. आणि तिच्या शेजारी गोवऱ्यांचा ढीग, त्यावर ताडपत्री, बाजूला उरलेल्या विटा. बरोबर ना? आपल्याकडे अख्ख्या खान्देशात हेच चित्र. बाहेर मे महिन्यात ४५च्या वर पारा, जमीन तव्यासारखी, मग विंचवाला दिवसभर गार, अंधारी आणि अंगाला दोन्हीकडून टेकेल अशी फट लागते. पऱ्हाटीची रास म्हणजे त्याच्यासाठी एसीवाला लॉज आणि मातीच्या भिंतीतली भेग म्हणजे त्या लॉजमधून घरात यायचा पॅसेज. रात्री तो निघतो खायला. खातो काय तर झुरळं, रातकिडे, लहानसहान कोळी. म्हणजे तुमच्या ओट्यावरचा बल्ब जो रात्री अकरापर्यंत चालू असतो आणि ज्याच्याखाली किडे भिरभिरत पडतात ते त्याचं ताट. आपण राहायला खोली देतो, वर जेवायलाही वाढतो.

म्हणून पहिलं काम फवारणी नाही, रास हलवणं. पऱ्हाट्या, गोवऱ्या, विटा, जुनी कौलं घराच्या भिंतीपासून पंधरा-वीस पावलं लांब. हे काम दिवसा करायचं, पायात बूट, हातात जाड हातमोजे. आणि गोवरी कधीही बोटं खाली घालून उचलायची नाही. आधी काठीने उलटी करायची, मग बघायचं. काय दिसतं तेही सांगतो. आपल्या डोक्यात विंचू म्हणजे शेपूट वर उभारलेला, पण बसलेला विंचू तसा नसतोच. तो गोवरीच्या खालच्या बाजूला चपटा चिकटलेला असतो, शेपूट आडवी, बाजूला वळवून अंगालगत ठेवलेली, चिमटे दुमडलेले. गोवरीतली वाळकी काडी आणि तो यात फरकच कळत नाही. मला पहिल्यांदा चावला तो असाच, मी काडी समजून बाजूला सारायला गेलो.

मग भेगा. शेणमातीने लिंपा, नाहीतर सिमेंट भरा, पण जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच्या भेगा आधी. दाराखाली फट असेल तर रबराची पट्टी मिळते ती ठोका. मोरीच्या भोकाला जाळी. ओट्यावरचा बल्ब काम झालं की बंद, किंवा पिवळा लावा, पांढऱ्या उजेडापेक्षा किडे कमी येतात.

वरून पडतो त्याचं कारण धाब्याचं छतच. लाकडी सरे, त्यावर फळ्या-काड्या, त्यावर मातीचा थर, तिथे राहायला भरपूर जागा आणि चालता चालता एखादा घसरतो. मुद्दाम कोणी अंगावर उडी मारत नाही. छत बदलायला सांगणं सोपं, पैसे कोण देणार, म्हणून मच्छरदाणी लावा, वरून बंद असलेली, आणि कडा गादीखाली खोचलेल्या. बाळाची झोळी आढ्याला बांधत असाल तर दर वेळी आधी झोळी झटकायची, मगच लेकरू आत. पलंग भिंतीपासून हातभर लांब, चादर जमिनीला टेकलेली नको. आमची आजी पलंगाचे चारही पाय काचेच्या बरण्यांत ठेवायची, लोकं हसायचे, पण ते अगदी बरोबर होतं. मातीच्या भिंतीवर विंचू सरसर चढतो, काचेसारख्या गुळगुळीत ठिकाणी त्याचे पाय टिकत नाहीत.

आणि हो, ती पांढरी पावडर. बऱ्याच घरांत अजूनही गमॅक्सिनची पुडी माळ्यावर सापडते, कोपऱ्याकोपऱ्यात टाकतात. त्यात असायचं लिंडेन, त्याच्यावर आपल्याकडे बंदी येऊन वर्षं झाली. जमिनीवर रांगणारं, बोटं तोंडात घालणारं पोर असलेल्या घरात तर अजिबात नको. तसंही विंचवावर घरगुती फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. झुरळांचा बंदोबस्त करा, जेवण संपलं की पाहुणा आपोआप कमी होतो. अंगणात चार कोंबड्या पाळल्यात तर अजून उत्तम, कोंबडी विंचवाला टोचून टोचून कशी खाते ते एकदा बघाच.

झोप मात्र घ्या ताई. मच्छरदाणी नीट खोचली असेल तर खरंच झोपा.

प्रश्न : सर, माझे आप्पा केळीच्या शेतात ठिबकच्या जुन्या नळ्या गोळा करत होते, तेव्हा विंचू चावला. मी गाडी काढली पण काकांनी आधी भगताकडे नेलं. त्याने मंत्र टाकला, आघाड्याची मुळी फिरवली, चिंचोका घासून लावला आणि दोन तासात आप्पांना आराम. आता काका मला घरभर ऐकवतात, "पाह्य भो, तुझ्या दवाखान्याचे हजार रुपये वाचवले." यात सायन्स काय आहे? — चोपड्याकडचा एक वाचक

मित्रा, यात सायन्स एवढंच की आप्पांना काही न करता झाडाखाली बसवलं असतं तरी बहुतेक दोन-चार तासात ओसरलं असतं.

विंचू चावलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना फक्त दुखतं. मरणाचं दुखतं, ते मला माहितीये, जळता निखारा हाडावर ठेवल्यासारखं, मुंग्या खांद्यापर्यंत चढतात, पण तेवढंच. हे दुखणं स्वतःच उतरतं आणि उतरण्याच्या वेळेला जो समोर बसलेला असतो त्याला क्रेडिट जातं. भगताकडे दहा माणसं जातात, आठ-नऊ बरी होऊन येतात आणि गावभर सांगतात. जो दगावतो तो सांगायला येत नाही, आणि त्याच्याबद्दल म्हणतात "त्याला उशीर झाला होता." हो ना, उशीर झालाच होता. कुठे झाला ते मात्र कोणी विचारत नाही.

कोणता विंचू होता ते काकांना विचार. आपल्याकडे ढोबळ दोन. एक मोठा काळा, चार-पाच इंची, चिमटे खेकड्यासारखे जाड, त्याला आपण इंगळी म्हणतो. बघूनच छातीत धस्स होतं. आणि दुसरा लाल-तांबूस, बोटभर, पाय पिवळट, चिमटे बारीक काडीसारखे, शेपूट त्या मानाने जाड. गंमत बघ, माणसं घाबरतात काळ्याला आणि खरा धोका लाल्याचा. चिमटे जाड असले की तो शिकार चिमट्यात धरून चिरडतो, विषावर फार अवलंबून नसतो. ज्याचे चिमटे बारीक त्याची सगळी मदार शेपटीवर. घरी पोरांना एवढं जरी सांगितलंस तरी बास. पण याचा अर्थ काळा चावला तर बिनधास्त बसा असाही नाही, आणि अंधारात चावलेला कोणता ते कळतही नाही.

लाल्याचं विष नसांना पेटवतं. नसा थांबायचं नावच घेत नाहीत, अंगात ॲड्रेनालिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांमध्ये जोर लावून लावून थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. माणूस मरतो तो यानेच. बाहेरून काय दिसतं? दरदरून घाम, सारखी उलटी, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार, छातीत धडधड, लहान मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणं (हे लाजेने कोणी सांगत नाही, पण डॉक्टरसाठी ही मोठी खूण), मग धाप, खोकला, गुलाबी फेस. आणि एक फसवी गोष्ट, दुखणं कमी आहे म्हणजे धोका कमी असं नाही. पोर रडायचं थांबलं, गार पडलं, घामाने भिजलं तर "झोपलं बिचारं" म्हणून पांघरूण घालायचं नाही, उचलायचं आणि पळायचं.

आता यात आपल्या मराठी माणसाची एक गोष्ट सांगतोच, काकांनाही वाचून दाखव. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर म्हणून डॉक्टर, मूळचे जालन्याकडचे. त्यांनी लाल विंचू चावलेली माणसं, जास्त करून लहान पोरं, डोळ्यांसमोर जाताना पाहिली. विंचवाने नेमकं हृदयाला काय होतं हे त्यांनी पेशंटशेजारी बसून टिपलं आणि १९८२ साली लॅन्सेट या जगातल्या नावाजलेल्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आणलं. मग प्रॅझोसिन नावाची बीपीची एक जुनी साधी गोळी वापरायला सुरुवात केली, जी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. त्याआधी गंभीर पेशंटमध्ये शंभरात तीसच्या आसपास दगावायचे, ते प्रमाण शेकड्याला एक-दोनच्या घरात आलं. पुढे २०११ मध्ये त्यांनी ७० पेशंटचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दिला, गोळीसोबत विंचवाच्या विषावरची लस दिली तर माणूस अजून लवकर सावरतो असा. २०२२ साली पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातल्या कुठल्या लॅबमध्ये नाही हे झालं, तालुक्याच्या गावात झालं.

म्हणून भगताकडे जायला माझी हरकत पैशाची नाही, श्रद्धेचीही नाही. हरकत घड्याळाची. ते दोन तास आप्पांच्या बाबतीत फुकट गेले तरी चाललं, तुझ्या चार वर्षांच्या पुतणीच्या बाबतीत नाही चालणार. काकांना मंत्र पाहिजेच असेल तर भगताला गाडीत मागे बसवा आणि दवाखान्याकडे जाता जाता म्हणायला सांगा.

चावल्यावर घरी करायचं एवढंच. जागा साबणाने धुवा, अंगठी-बांगडी काढून घ्या कारण सूज येते, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा, पॅरासिटामॉल दिली तरी चालेल, माणसाला निवांत पडू द्या. ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, सुतळीने करकचून आवळायचं नाही, पेट्रोल, मिरची, लाल औषध काही चोळायचं नाही. प्रॅझोसिन मेडिकलवरून आणून स्वतः द्यायची नाही, ती वजनावर मोजून देतात आणि पेशंट उभा राहिला तर बीपी एकदम पडून चक्कर येते. सापाची लस विंचवाला चालत नाही, त्यामुळे दवाखान्यात गेल्या गेल्या "विंचू" हा शब्द स्पष्ट सांगा. लहान पोर, म्हातारं माणूस, हृदयाचा पेशंट असेल तर लक्षणं दिसायची वाट न बघता निघायचं, गाडी नसेल तर १०८. आणि रात्रभर दवाखान्यात ठेवतो म्हणाले तर कुरकूर करू नका.

प्रश्न : विंचू शोधायचा निळा टॉर्च ऑनलाइन मिळतो, तीनशे-चारशेला. खरंच चालतो की फसवणूक? — पारोळ्याहून

चालतो. अतिनील प्रकाशात विंचवाचं अंग हिरवट-निळं चमकतं, रेडियमच्या घड्याळासारखं. अमावस्येच्या आसपास, अंगणातले सगळे दिवे बंद करून फिरा. पहिल्या रात्री आमच्या गोठ्याच्या भिंतीवर मला सात दिसले आणि मी आठवडाभर गोठ्यात गेलो नाही. फक्त तो टॉर्च डोळ्यांवर मारू नका आणि पोरांच्या हातात खेळायला देऊ नका. दिसलेला विंचू उचलायचा तर लांब सांडशी, किंवा वरून स्टीलचा डबा पालथा घालून खाली जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा सरकवायचा.

प्रश्न : श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, त्याआधी आम्ही घर धुवून-रंगवून घेतो. या वर्षी जळमटं काढताना मोरीच्या दाराआड हाताच्या पंजाएवढा कोळी निघाला, चपटा, भुरका, पोटाशी पांढरी गोल चकती. मी झाडूने मारला तर आई म्हणाली "कानबाईच्या तोंडावर कशाला जीव घेतला." पण तो विषारी असेल तर? आणि जळमटं काढायची की नाही? — अमळनेरची एक वाचक

आई बरोबर होती, कानबाई असो नसो. तो शिकारी कोळी, जाळं विणतच नाही, रात्री भिंतीवर फिरून झुरळं धरतो. पोटाशी चकती होती म्हणजे ती मादी, अंड्यांची पिशवी घेऊन हिंडत होती आणि त्या दिवसांत ती धड खातही नाही. पंजाएवढा दिसतो तो पायांमुळे, अंग दीड इंचही नसतं. हातात दाबला तर चावेल, मुंगळा चावल्यासारखं दुखेल, साबणाने धुतलं की झालं. मोरीतली झुरळं रात्री कोण खातं याचा विचार करा एकदा.

जळमटं मात्र बिनधास्त काढा. काजळी धरलेली, धुळीने लोंबणारी जी असतात ती बहुतेक सोडून दिलेली घरं, मालक कधीच दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला. तिथे लांब काड्यांसारख्या पायांचा एक बारका कोळी असतो बघा, जाळ्याला बोट लावलं की स्वतःला इतका जोरात हलवतो की नुसतं धुरकट दिसतं. आम्ही लहानपणी त्याला नाचायला लावायचो, तासन्‌तास. निरुपद्रवी बिचारा. तुम्ही जाळं काढलं की चार दिवसांत तो नवीन बांधणार, तुमचीही सफाई झाली, त्याचंही काम चालू. आणि खिडकीच्या चौकटीवर टुणकन उड्या मारणारा, मान वळवून तुमच्याकडे बघणारा छोटा कोळी माशा पकडतो, त्याला तर हात लावू नका.

एक सांगायचं राहिलं, कुठे कापलं की जळमट काढून जखमेवर दाबायची पद्धत अजून आहे. दहा वर्षांची धूळ जखमेत भरायची हौस कशाला? स्वच्छ फडकं दाबून धरा.

प्रश्न : माझ्या नवऱ्याच्या मानेवर रात्रीतून लाल पट्टा उठला, आग आग होते, पाणी भरलंय. सगळे म्हणतात कोळी मुतला. शेजारच्या काकू म्हणतात नागीण आहे, वेढा पूर्ण झाला तर माणूस जातो. मी घाबरून गेले. — साक्री

कोळी बिचारा कोणावर मुतत नाही, या बाबतीत त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या खोटी केस चालू आहे.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा एक किडा येतो. तो चावत नाही, पण मानेवर बसल्यावर आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. बहुतेक वेळा तेच असतं. फुंकर मारून उडवायचा, चिरडायचा नाही, चिरडलाच तर लगेच साबणाने धुवायचं आणि ते बोट डोळ्याला लावायचं नाही.

पण पट्टा अंगाच्या एकाच बाजूला असेल, पुरळ यायच्या आधी दोन-तीन दिवस तिथे ठणका असेल तर काकूंचं निम्मं खरं असू शकतं. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू, नसेत झोपून राहिलेला, तो परत उठतो. तिचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त फायदा होतो म्हणून आजच दाखवा. वेढ्याची गोष्ट मात्र सोडून द्या, वेढा पूर्ण होऊन कोणी मरत नाही.

प्रश्न : मी नंदुरबारची, मिस्टर सोलरच्या कंपनीत, सहा महिन्यांपूर्वी जैसलमेरकडे बदली झाली. गावाबाहेर क्वार्टर, चारी बाजूला वाळू. काल संध्याकाळी पिवळट, केसाळ, दहा पायांचा काहीतरी भयंकर प्राणी माझ्यामागे धावला, मी पळाले तर तोही पळाला! शेजारीण म्हणाली याने चावलं की मांस सडतं. मी माहेरी निघून येऊ का? — तुमची जुनी वाचक

ताई, माहेरी या, आखाजीला झोका खेळायला या, पण याच्यासाठी नको.

तो उंट-कोळी. नावाला कोळी, खरं तर कोळ्यांचा चुलतभाऊ, वेगळ्याच जातकुळीतला. पाय आठच, पुढच्या दोन लांब सोंडा पायांसारख्या दिसतात म्हणून दहा वाटतात. त्याला विषाच्या ग्रंथीच नाहीत. जबडे मात्र त्याच्या अंगाच्या मानाने राक्षसी, हातात धरलात तर रक्त काढेल, मग साबणाने धुवा, मांसबिंस सडत नाही. आणि तो तुमच्यामागे धावलाच नाही हो, तुमच्या सावलीमागे धावला. वाळवंटात सावली म्हणजे जीव. तुम्ही पळालात तर सावली पळाली, मग तोही पळाला. पुढच्या वेळी एकाच जागी उभ्या राहा, किंवा सावलीतून बाजूला व्हा. मला माहितीये की सांगायला सोपं आहे.

तिकडे खरं जपायचं ते विंचवांनाच, नियम तोच, बारीक चिमटे, जाड शेपूट. वाळवंटात ओल जिथे तिथे सगळे गोळा होतात, त्यामुळे कूलरच्या खाली, माठाच्या तिवईखाली, बाहेरच्या नळाजवळच्या विटांखाली हात घालायचा नाही. मिस्टरांनी सेफ्टी बूट रात्री बाहेर काढून ठेवले तर सकाळी आधी उलटे करून आपटायचे, मग पाय. हे तर आपल्याकडेही करायचं, पण तिथे विसरायचंच नाही. रात्री अंगणात उतरताना टॉर्च आणि बंद चप्पल. सगळ्यात जवळच्या कोणत्या दवाखान्यात विंचवाचे पेशंट घेतात ते शेजाऱ्यांना आजच विचारून ठेवा, चावल्यावर विचारपूस करायला वेळ नसतो.

प्रश्न : सर मी आठवीत आहे. १) विंचवाभोवती रॉकेलचा गोल पेटवला की तो स्वतःला नांगी मारून आत्महत्या करतो, हे खरं का? २) विंचवाची पिल्लं आईला खाऊन बाहेर येतात का? आमच्या वर्गात यावर भांडण झालंय. — धरणगावचा एक विद्यार्थी

१) खोटं. स्वतःच्या विषाचा त्याला फारसा त्रास होत नाही. उष्णतेने त्याचं अंग आखडतं, शेपूट पाठीवर आपटते, आपल्याला वाटतं नांगी मारली. तो भाजून मरतो, बास. प्रयोग करून बघू नको, आणि रॉकेल तुला कुठे मिळतं ते मला कळव, आम्हाला मिळत नाही.

२) हेही खोटं. विंचू अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो. पांढरी, मऊ, तांदळाच्या दाण्याएवढी, आईच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर" ही म्हण त्यावरूनच आली. एखादी मेलेली मादी आणि तिच्यावर पिल्लं असं कोणीतरी पाहिलं असेल आणि गोष्ट रचली असेल. मी मागच्या जूनमध्ये बांधावरचा दगड उलटला तर अशीच एक निघाली, पाठीवर वीसेक तरी असतील. दोन खाली पडली, ती थांबली, ती दोघं धडपडत तिच्या चिमट्यावरून परत वर चढली, मग ती चालायला लागली. मी दगड होता तसा ठेवला. बांध घरापासून लांब होता म्हणून, हे वर्गात सांगताना विसरू नको.